रुंद करायची की दाखवायची?

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये दोन गोष्टींना ऊत येतो, खोदकामाला आणि मतांना. २०२७ च्या पर्वाआधीच्या या दिवसांत जुन्या नाशकातल्या गल्ल्यांवरून जी हमरीतुमरी चालली आहे, तिच्यात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, गावठाण एकदाचे मोकळे करा. वाडे पडायला आलेत, रुग्णवाहिका आत शिरत नाही, लाखो माणसे येणार ती जाणार कुठून? दुसरा म्हणतो, खबरदार हात लावाल तर, हा आपला वारसा आहे. दगडी फरशी घाला, जुन्या धाटणीचे दिवे लावा, वाड्यांत कॅफे निघू द्या, बाहेरच्यांना फिरायला आणा. या दुसऱ्या पक्षाला अलीकडे मोबाइलची जोड मिळाली आहे. रविवारी सकाळी कुणीतरी तिळभांडेश्वर लेनमध्ये शिरतो, कोरीव खांब, निळा दरवाजा, तुळस आणि ओट्यावर झोपलेले मांजर टिपतो. संध्याकाळपर्यंत हजारो लोकांना कळते की नाशिकमध्ये एक सुंदर गल्ली लपलेली होती. तिथे चार पिढ्या राहणाऱ्यांना ती लपल्याचे कधी माहीत नव्हते.

माझे म्हणणे असे, की हे दोघेही गल्लीकडे बाहेरून पाहतात. एकाला ती गाडीच्या काचेतून अडचण वाटते, दुसऱ्याला कॅमेऱ्यातून देखावा वाटतो. ती टिकवायची असेल तर राहत्या लोकांची पायवाट म्हणून टिकवावी लागेल. आत वाहन कमीत कमी, घरे दुरुस्त, भाडेकरू आपापल्या जागी आणि वाट येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही खुली. रुंदीकरणाने यातले काही साधत नाही, सुशोभीकरणानेही नाही.

वाद घालणाऱ्यांपैकी किती जण हल्ली तिथे पायी गेलेत याची मला शंका आहे, म्हणून जरा आत जाऊ. नाशिक नऊ टेकड्यांवर वसल्याचे सगळ्यांना पाठ असते, पण ते खरे कळते ते पोटऱ्यांना, म्हसरूळ टेक चढताना. मेनरोडचा गोंगाट मागे टाकून वळले की गायधनी लेन, हुंडीवाला लेन, कानडे मारुती लेन, जुनी तांबट लेन अशी नावे येऊ लागतात. गल्ली सरळ जात नाही. ती उतार पाहून वळते, एखाद्या वाड्याच्या कोपऱ्याशी अडखळते, मग अचानक चौकात उघडते. खाली काळ्या दगडाचे जोते, वर विटा, सागवानी खांब, पुढे ओटा. ओट्यावर कुणीतरी निवडत-टिपत बसलेले असते आणि त्या एका माणसामुळे अख्ख्या गल्लीवर लक्ष राहते. एप्रिलच्या भर दुपारी इथली एक भिंत तरी सावली देतेच. त्याच वेळी गंगापूर रोडच्या पदपथावर, तो जिथे आहे तिथे, चालून पाहा. मग सांगा, यांतला कुठला रस्ता नीट विचार करून बांधलेला आहे?

शिवाय गल्लीत जे दिसते त्याहून जास्त तिच्या पोटात असते. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन म्हणवल्या जाणाऱ्या रहाडी घ्या. वर्षभर त्यांच्यावरून माणसे, हातगाड्या, दुचाक्या जातात. खाली दगडी हौद आहे हे परक्याच्या ध्यानातही येत नाही. रंगपंचमीच्या आधी माती उकरायची, लाकडी ओंडके काढायचे, हौद धुवायचा, प्रत्येक रहाडीचा आपला ठरलेला रंग उकळून त्यात भरायचा, पूजा करायची आणि मग दिवसभर शेकडो लोकांनी त्यात धप्पकन उड्या मारायच्या. त्या दिवशी चौकात गाडी आणायची कुणाची टाप नसते. हे सगळे कोण करते? त्या चौकातली घरे, तिथले मानकरी, तिथली तालमीतली पोरे. कुठे खणायचे, रंग किती उकळायचा, झाकण परत कसे बसवायचे हे त्यांना माहीत. पूर्वीच्या कित्येक रहाडी रस्त्याखाली बुजून गेल्या. राहणारी माणसे उठली की उरलेल्याही नुसते खड्डे होतील, मग वर कितीही देखणी माहितीची पाटी लावा.

आता रुंदीकरणवाल्यांचा सर्वांत मोठा मुद्दा, जो मला टाळता येणार नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक मेले. त्या दिवसाची आठवण असलेल्या नाशिककराला ‘गल्लीचे सौंदर्य’ हे शब्द ऐकून संताप आला तर तो रास्त आहे. अरुंद वाट आणि प्रचंड गर्दी यांची गाठ पडली की माणसे मरतात, यात वाद नाही. वाद पुढे आहे. ही गाठ तोडायची तर वाट रुंद करायची की गर्दी तिकडे जाऊच द्यायची नाही? २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या कुंभात संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली, अधिकृत आकड्यानुसार ३० जण गेले. तिथे कुठली गल्ली होती? नदीचे उघडे पात्र होते, नजर पोचणार नाही एवढे रुंद. माणसे अडकली ती एकाच ठिकाणी, एकाच वेळी सगळ्यांना पोचायचे होते आणि येणारे-जाणारे समोरासमोर आले म्हणून. उलट नाशिकला २०१५ च्या पर्वात तेच गावठाण, त्याच गल्ल्या होत्या. घाट रामकुंडापासून खाली लांबवर पसरवले, यायची वाट वेगळी, जायची वेगळी ठेवली आणि तसा अनर्थ झाला नाही. पोलिसांनी भाविकांना मैलोगणती चालवले म्हणून त्या वर्षी किती ओरड झाली होती! पण सगळे चालत आले आणि चालत घरी गेले.

बारा वर्षांतल्या मोजक्या पर्वणींसाठी बाराही वर्षांचे गाव कापायचे, हा हिशेब मला कधी पटलेला नाही. समजा नऊ फुटांची गल्ली वीस फुटांची केली. पर्वणीच्या गर्दीपुढे वीस फुटांची काय मातब्बरी? त्या दिवशी तीही बंदच करावी लागेल. उरलेले दिवस मात्र त्या वाढीव जागेत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि मधे राहते पुन्हा नऊ फूट. आता त्या नऊ फुटांत चालणाऱ्याच्या मागे हॉर्न असतो.

त्यातून रुंदीकरण सलग कधी होतच नाही. नकाशावर रेघ असते, पण वाडा पडून नवी इमारत उभी राहील तेव्हाच मालक काही फूट मागे सरकतो. शेजारचा वाडा तसाच पुढे. पुढचा वादात अडकलेला. तीस-चाळीस वर्षांनी गल्लीला ना जुनी सलग भिंत राहते, ना नवा सरळ रस्ता मिळतो. मिळतात ते खाचे, आणि प्रत्येक खाचेत चार दुचाक्या, एक रोहित्र आणि कचरा. गावठाणात हिंडणाऱ्याने हे दातेरी रस्ते पाहिलेले असतात. सावली गेली, ओटा गेला, रुग्णवाहिका तरीही अडलेलीच. रुग्णवाहिकेचा मुद्दा खोटा नाही. पण तिला अडवते कोण, वाड्याची भिंत की वाड्याबाहेर लावलेली मोटार? माथेरानला खासगी मोटारींना बंदी आहे आणि रुग्णवाहिकेला नाही. तिथले लोक जगतातच ना? आपल्याकडेही दिवाळीत मेनरोडच्या पट्ट्यात वाहनांना बंदी होते, तेव्हा व्यापार बुडत नाही, उलट पाय ठेवायला जागा नसते. जे आठवडाभर जमते ते वर्षभर का जमू नये, याचे उत्तर व्यापाऱ्यांनी दिलेले मी ऐकलेले नाही. अरुंद रस्त्यांसाठी छोटे अग्निशमन बंब मिळतात, चौकाचौकांत पाण्याची जोडणी ठेवता येते. हे खर्चाचे काम आहे, मान्य. भूसंपादनाहून स्वस्त आहे.

वाडे पडतात हे खरेच. दर पावसाळ्यात जुन्या नाशकातून एखादी भिंत, एखादा वाडा कोसळल्याची बातमी येते, महापालिका नोटिसा लावते, लोक हलत नाहीत. बाहेरून ही अडेलतट्टू वृत्ती वाटते. पण भाडेकरूने घर सोडले की तो तिथून कायमचा गेला, हे त्याला पक्के ठाऊक असते. भाडे नियंत्रणाखाली गोठलेली भाडी १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा दिली. पण मूळ रक्कमच हॉटेलातल्या दोन चहांएवढी असेल तर चार टक्क्यांत एक कौलही येत नाही. मालकाला वाडा पडलेलाच बरा, कारण पडला की जागा मोकळी होते. भाडेकरूला तो उभा असलेलाच बरा, कसाही का असेना. या ओढाताणीत तुळई कुजते. मुंबई शहरात अशा, दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ उभे राहिले. त्याच्या कारभाराबद्दल मुंबईकर काय बोलतात तेही मला माहीत आहे, पण निदान जुनी राहती घरे दुरुस्त करणे हे सरकारी काम असू शकते एवढे तरी तिथे मानले गेले. नाशिकच्या वाड्यांना ते भाग्यही नाही. रस्ता रुंद केल्याने यातले काय सुटणार? दुखणे घराच्या तुळईत आहे आणि कुऱ्हाड रस्त्यावर चालते.

पुराचेही तेच. सराफबाजार आणि दहीपुलाला जोराच्या पावसात पाणी भरते ते सरस्वती नाल्यामुळे. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी किती आले हे गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवरून आणि गळ्यावरून मोजते. नाल्याचा आणि गटारांचा प्रश्न आहे, तो स्वतंत्रपणे सोडवा. गल्लीच्या रुंदीशी त्याची सांगड घालू नका.

हा सगळा खेळ आपल्या राज्यात एकदा खेळून झालेला आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि १८९८ ला सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, रोग घालवायचा. हेतू उदात्त होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते निघाले आणि आजही ते उपयोगी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या त्यांना तेवढ्या खोल्या मिळाल्या नाहीत. ते शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहिले. म्हणजे गर्दी हटली नाही, सरकली. त्यानंतर १९१४ ला भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस गावोगाव पायी हिंडून वेगळेच सांगत होते. अख्खी आळी कापू नका. जे घर खरोखर मोडकळीला आले तेवढे काढा, त्या जागी छोटा चौक आणि झाड येऊ द्या, विहीर साफ करा, शेजारची घरे दुरुस्त करा. खर्च कमी आणि माणसे जागेवर. हे त्यांना सुचले कारण ते आधी चालले आणि मग नकाशा काढला. आपल्याकडे क्रम उलटा आहे. नाशिकच्या गावठाणात आज कितीतरी पडलेल्या वाड्यांच्या मोकळ्या जागा आहेत, राडारोड्याने आणि एरंडाने भरलेल्या. त्यांतल्या काही गल्लीच्या दमछाकीच्या ठिकाणी चौक म्हणून घेतल्या तर बंबही वळेल आणि म्हाताऱ्यांना बसायलाही होईल. पण यात उद्घाटनाची फीत मोठी होत नाही, ही अडचण आहेच.

आता वारसावाल्यांकडे वळतो. तिथे माझे मित्र जास्त आहेत, तरीही. त्यांचा आधार अहमदाबाद. १९९७ पासून महापालिकेने तिथल्या पोळांतून, म्हणजे जुन्या आळ्यांतून, वारसा-फेरी चालू केली आणि २०१७ मध्ये शहर जागतिक वारसा यादीत गेले. चालणाऱ्यांनी केलेले हे काम मोठे आहे, मी ते कमी लेखत नाही. लोक पाहायला येतात म्हणून मालकाला आपल्या खांबाची किंमत कळते, हेही खरे. पण त्याच पोळांतली कितीतरी कुटुंबे साबरमतीपलीकडे निघून गेली, काही हवेल्यांची हॉटेले झाली, काहींची गोदामे. दर्शनी भाग उभा, आत संसार नाही. काशीत तर डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ कॉरिडॉरसाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या. घरांच्या पोटात दडलेली जुनी मंदिरे त्यामुळे उघडी पडली, याचा अनेकांना आनंद झाला. त्या मंदिरांना रोज सकाळी पाणी घालणारी घरे कुठे गेली, हे कुणी विचारले? आता आपल्या पंचवटीत रामकुंड, सीतागुंफा, काळाराम या परिसरासाठी ‘रामकाल पथ’ येतो आहे, केंद्राने त्याला सुमारे ९९ कोटी रुपये मंजूर केले आहेत. पैसा आला याला माझी हरकत नाही. त्यातला किती दर्शनी भिंतींवर जाईल आणि किती त्या भिंतींमागच्या तुळयांवर, एवढेच मला विचारायचे आहे.

वारसाप्रेम निवडकही असते. गंगेकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले आणि नाशिकची वस्ती हजारो वर्षे मागे गेली. काझीची गढीही तशीच काठावरची जुनी जागा. पावसाळ्यात ती खचते, कडेच्या घरांना हलवण्याची दरवर्षी धावपळ होते. तिथे कुणी कॅमेरा घेऊन गेल्याचे मी पाहिलेले नाही. नाशिकच्या सिडको वसाहतीचेही तसेच. सहा योजनांतल्या त्या छोट्या घरांच्या ओळी, दारापुढे कुंड्या, ओट्यावर गप्पा, दोरीवर वाळणारे पापड, संध्याकाळी रस्त्यावर क्रिकेट. जुन्या गल्लीत जे जे सुंदर म्हणून टिपले जाते ते सगळे तिथे आहे, फक्त खांब सागवानी नाहीत आणि राहणारे कारखान्यांतले कामगार. सिडकोतून वारसा-फेरी काढा म्हटले तर लोक हसतात. का हसतात, याचा विचार करावा.

इथे माझ्या बाजूवर येणारा सर्वांत अवघड आक्षेप सांगायला हवा. या आळ्या मुळात जातींच्या आळ्या. कोण कुठे राहणार, कोण कुठल्या वाटेने जाणार हे ठरलेले. ओट्यावर बसून गल्लीवर ‘लक्ष’ ठेवणारी नजर सगळ्यांकडे सारख्याच मायेने पाहत नव्हती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. मंदिराचे दरवाजे बंद राहिले. त्याच वर्षीच्या रामनवमीला रामाच्या रथावरून पंचवटीच्या या देखण्या रस्त्यांत दगड उडाले. १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्याच्या आजोबांना या गल्लीतून हाकलले त्याने ती जपावी असे मी कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणतो ते एवढ्याचसाठी की त्या सत्याग्रहाची मागणी रस्ता पाडा अशी नव्हती, आम्हालाही येऊ द्या अशी होती. आणि रुंद रस्त्यांनी जात पुसली असती तर नव्या नाशिकमध्ये भाड्याने घर शोधणाऱ्याला आडनाव विचारले गेले नसते. तिथे तर फाटकच आहे. पाथर्डी फाट्याकडची नवी संकुले पाहा. कमान, पहारेकरी, नोंदवही, ‘कुणाकडे जायचंय?’. आतले रस्ते कितीही झाडांचे असोत, त्यातून पलीकडे जाता येत नाही. आता पंडित कॉलनी, थत्तेनगर, विसे मळा यांसारख्या जुन्या बंगल्यांच्या शांत भागांतही ‘बाहेरच्यांना आवरा’ असा सूर निघू लागला आहे, आणि त्याला निमित्त पुरवतात ते हेच हौशी टिपणारे. महापालिकेचा रस्ता हा महापालिकेचा रस्ता आहे. त्यावरून कुणीही, कुठल्याही आडनावाचा, काही काम नसताना चालू शकतो. दारात कॅमेरा रोखून उभे राहणे हा मात्र चालण्याचा भाग नव्हे.

राहता राहिली त्या गल्लीतल्या बाईची तक्रार, जी मला सगळ्यात जास्त पटते. ती म्हणते, तुम्ही येता, आहाहा करता आणि कॉलेज रोडला आपल्या लिफ्टच्या इमारतीत परत जाता. पाणी वर चढत नाही, संडास चार बिऱ्हाडांत एक, पावसात आढे गळते, आणि तुम्ही सांगणार आम्ही इथेच राहावे? तिला उत्तर देण्याचा अधिकार मला नाही, रुंदीकरणवाल्यांना नाही आणि वारसा समितीलाही नाही. तिला विचारायला हवे, आणि आपली पद्धत अशी की तिला कुणी विचारतच नाही. रस्त्याच्या किंवा पुनर्विकासाच्या प्रस्तावावर हरकती मागवल्या जातात तेव्हा गणना मिळकतपत्रिकेवरच्या नावाची होते. तिथे मालकाचे नाव असते, अनेकदा तीन पिढ्यांपूर्वीच्या, आणि वारस पुण्या-मुंबईत. ती बाई कागदावर भेटते ती फक्त विजेच्या बिलावर आणि मतदार यादीत. तेव्हा सिंहस्थाच्या कामांची पुढची सुनावणी महापालिकेच्या राजीव गांधी भवनात भर दुपारी न ठेवता तिवंध्यात किंवा शनी चौकात संध्याकाळी सातला ठेवा, वीजबिल हाच तिथे बोलण्याचा पुरावा माना, आणि रस्त्याची रेघ, दुरुस्तीचा निधी व वाहनबंदीच्या वेळा या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत तिच्यापुढे मांडा.